पाळीचा घाम

संघप्रिया लहान होती तेव्हा तिच्या घरच्या माठावर कोळशाच्या रेघा असायच्या. नवा माठ भरला की ही पोट्टी त्याच्यापुढं बसून राही. बाहेरून ओल कुठवर चढली, तिथं एक रेघ. जेवून आली की दुसरी. तिची माय बायनाबाई कावायची, "माठ हाये का कॅलेंडर हाये वं? पावन्यासमोर इज्जत घालवते." पोट्टीचं आपलं एकच. नवा माठ एवढा घामेजतो, मग मागच्या सालचा काऊन कोरडा? बायनाबाई म्हणायची, "म्हातारा झाला थो. म्हाताऱ्याले घाम कमी येते." माठाची भोकं पाण्यातल्या क्षारानं बुजत जातात, हे संघप्रियानं आम्हाला सांगितलं ते फार पुढं. आमच्या लक्षात मात्र बायनाबाईचंच राहिलं.

आमचं मोहटोला गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल आणि पोंभुर्ण्याच्या मधात, जंगलाला टेकून बसलेलं. वरच्या अंगाला तलाव, खालच्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. तलाव मालगुजाराच्या काळातला. त्याचा मातीचा बांध म्हणजे आमची पाळ. पाणी सोडायच्या दाराला पुस्तकवाले विमोचक म्हणतात. आम्ही तुडूम म्हणतो, आणि तुडूम म्हटलं की पाणी पडल्याचा आवाजसुद्धा कानात येतो. विमोचक म्हटल्यावर येऊन दाखवावा.

संघप्रियाचा बाप बापूराव त्या तलावाचा पाणकर होता. आज कोणाच्या बांधीत पाणी जाणार, उद्या कोणाच्या, किती वेळ, हे पाणकर ठरवतो. बापूरावाच्या बापानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा गावकीची सगळी कामं सोडून दिली होती. मेलेली ढोरं ओढणं सोडलं, सांगावे पोचवणं सोडलं. पुढं कितीक वर्षांनी पाण्यावरून गावात डोकी फुटायला लागली, तेव्हा शेतकऱ्यांच्या सभेनं बापूरावाला बोलावलं. कारण सरळ होतं. त्याची बांधी सगळ्यांच्या शेवटी. सगळ्यांचं भरल्याशिवाय त्याचं भरणार नव्हतं. बापूराव म्हणाला, "गावाचा नोकर म्हून मी येत नाई. सभेचा पाणकर म्हून येतो. पटते का?" पटलं. न पटून जातात कुठं?

संध्याकाळी बापूराव पाळीवरून चक्कर मारायचा, अनवाणी. बाहेरच्या उतारावर कुठं थंड लागतं ते तळपायानं पाहायचा. मागं संघप्रिया, हातात काडी. आम्ही पोट्टे पाण्यात. कोणी कमळाचे देठ उपटतो, कोणी झिंगे धरतो. ती पाळीच्या कोरड्या बाजूला बसून काडीनं माती खोदून पाहत असायची. आम्ही हाक मारायचो, "प्रिया, पाणी इकडं हाये वं!" ती म्हणायची, "इकडंबी हाये. तुमाले दिसत नाई."

ते दिवस बरे होते असं मी म्हणत नाही. खरूज होती, हिवताप होता, शाळेचा मास्तर मारका होता. पण तलाव काठोकाठ असायचा आणि पाण्याच्या अंगाला सगळी पोरं एकत्र नागडी असायची. तेवढं आठवतं.

पुढं ती शिकत गेली. मूलला सायकलनं, मग चंद्रपूरला, मग नागपूरला. गणितात एम.एस्सी. झाली आणि पीएच.डी.ला बसली. सुट्टीत आली की गाव विचारायचं. आमच्या शकुबाईच्या जिभेला हाड कधीच नव्हतं. तिनं एकदा विहिरीवर गाठलं.

"आता कायवर शिकून राह्यली वं?"

"काकू, ज्या वस्तूत बारीक भोकं असतात ना, माती, रेती, वीट, त्याच्यातून पाणी कसं जाते, त्याचं गणित."

"बाप्पा! एवढी वर्सं शिकून काय कळलं? तं पाझरते!"

विहिरीवरच्या सगळ्या बाया हसल्या. संघप्रियाही हसली. म्हणाली, "पाझरते थे तुमालेबी मालूम, मलेबी मालूम. किती, कुठून अन् किती रेट्यानं, थे नाई ना मालूम."

"त्याचं कोणी काय देते?"

त्याचं कोणी फारसं काही दिलं नाही. डॉक्टर झाली, पण सुईची नव्हे, म्हणून गावाचा अर्धा मान तिथंच गेला. मूलच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागली. चामोर्शीकडचा जावई मिळाला. मूलला दोन खोल्यांत संसार, आणि रविवारी स्कूटीनं मोहटोला. आली की चहा घेण्याआधी पाळीवर जाणार. बायनाबाई म्हणायची, "मायबापाले भेटाले येते का मातीले?"

आता त्या सालची गोष्ट. त्या साली पोळा झाला तरी पावसानं उसंत दिली नाही. नाले रस्त्यावर आले, तलाव तुडुंब भरला, सांडव्यावरून पाणी पडून राहिलं. आणि मग एकाएकी पाऊस असा गेला की परत फिरून पाहिलं नाही. नेमकं धान गर्भाला आलं होतं. या वेळी बांधीत पाणी नसलं तर लोंबी नुसती दिसायला राहते, आत दाणा भरत नाही. म्हणजे सालभराचं खाणं आता त्या तलावातल्या पाण्यात होतं. शेवटचं पाणी सगळ्या बांध्यांना मिळेपर्यंत पाळ टिकली पाहिजे, एवढंच. आणि त्याच वेळी पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशी सुपाएवढी जागा ओली दिसायला लागली.

ओल दिसली की काय करायचं हे आमच्या गावात कोणाला विचारावं लागत नाही. घरटी एक टोपलं. प्रत्येक घरानं काळ्या मातीचं एक टोपलं आणायचं, आपल्या हातानं त्या जागेवर टाकायचं आणि घरच्यांनी पायानं तुडवायचं. आज्याच्या आज्यापासून चालत आलेलं. नारळ फुटायचा, गूळ-फुटाणे वाटायचे, बाया तुडवता तुडवता एकमेकींच्या नवऱ्यांची नावं घेऊन चिडवायच्या. चिखलात पाय पडून कोणी ना कोणी लोळायचंच, आणि ते बहुतेक सरपंच असायचे. एक नियम मात्र कडक. टाकलेलं टोपलं हलवायचं नाही. ज्या घराचा हात लागला त्या घराची ती माती. जुन्या काळी बौद्धांच्या घरांची टोपली पाळीच्या पार टोकाला टाकायला लावत. सांगायला चांगलं वाटत नाही, पण होतं ते होतं. बापूराव पाणकर झाला आणि पहिल्याच साली आपलं टोपलं घेऊन सरळ ओलीच्या मधात जाऊन उभा राहिला.  तेव्हापासून ते बंद झालं.

तर त्या सालीही टोपली पडली. चांगली उंच थापण झाली. ओल गायब. नानाजी तलाव समितीचा अध्यक्ष, गावात सगळ्यात मोठी जमीन त्याची. त्यानं बापूरावाच्या पाठीवर थाप मारली. "पाणकर, आता झोप खुशाल."

रविवारी संघप्रिया आली. मी तिथंच पाळीखाली बैल चारत होतो. तिनं थापण पाहिली, आणि मग थापणीच्या वर, उतारावर पाहिलं. तिथलं गवत नको तितकं हिरवं होतं. तिनं माझ्या हातातली तुतारी, बैल हाकायची टोकदार काठी, घेतली आणि उतारात खुपसली. शिजल्या भातात काडी जावी तशी तुतारी आत गेली.

"बाबा," ती म्हणाली, "हे कवा लिंपलं?"

"बुधवारी. काऊन?"

"ओल वर चढली ना. खालून निंघत होतं, तुमी तोंड दाबलं, आता वरून निंघून राह्यलं."

"लिंपलं नसतं तं फुटली असती पाळ."

"लिंपलं म्हून फुटन."

बापूराव पाळीवर बसला. लेक शिकलेली आहे याचा त्याला अभिमान होता, पण पाळीवर त्याला कोणी शिकवलेलं खपत नसे. "प्रिया, मी या पाळीवर म्हातारा झालो. माहा तळपाय पाह्य. त्याच्यात जेवढ्या भेगा हायेत ना, तेवढ्या या मातीत नसन."

"मी कुठी म्हणते तुमाले समजत नाई? ओल कुठी हाये थे तुमीच सांगता. पण पोटात काय होऊन राह्यलं, थे तळपायाले नाई समजत. मलेबी नाई दिसत. मी मोजते."

"मोज मग."

तिनं मोजलं. दोरी लावून पाळीची उंची, रुंदी, पाण्याची पातळी. दुपारपर्यंत लॅपटॉपवर काहीतरी मांडलं आणि ग्रामपंचायतीत नानाजीला, बापूरावाला आणि आम्हा चार जणांना दाखवलं. पडद्यावर चौकोनच चौकोन, प्रत्येकात आकडा. ती सांगत होती की प्रत्येक चौकोनातला आकडा म्हणजे त्या जागी पाण्याला असलेला रेटा. नानाजीनं चष्मा वर-खाली केला.

"हे तं लॉटरीचा निकाल दिसते."

"नानाजी भाऊ, हे आपल्या पाळीचं पोट हाये."

"पोरी, तू हुशार हायेस. पण तलाव बांधला कायले? पाणी अडवाले का पाणी जाऊ द्याले? अन् पाणकराचीच पोरगी म्हणते का भोक उघडं ठेवा! धान गर्भाला आलं, अन् आमी पाणी सांडू?"

संघप्रियानं लॅपटॉप मिटला. जरा वेळ तिच्या तोंडावर राग होता, तो मी पाहिला. मग म्हणाली, "बरं. चिंचोके कोणाकडं हायेत?"

चिंचोके आमच्याकडं घरोघरी असतात. दुपार उतरली तसं शाळेच्या पटांगणात गाव जमा झालं. अर्धे समजून घ्यायला, अर्धे तमाशा पाहायला. तिनं चुन्यानं जमिनीवर मोठे मोठे चौकोन आखले, बांध्यांसारखे एकाला एक लागून. म्हणाली, "ही पाळ. मधातून कापली अन् आडवी पाडली असं समजा. या अंगाला तलाव, त्या अंगाला बाहेरचा उतार. एका घरात एक माणूस. सगळ्यांनी सूप नाईतं थाळी घ्या."

तलावाच्या अंगाला नानाजी आणि त्याच्या रांगेतले. त्यांना प्रत्येकी वीस चिंचोके. "तुमी तलाव. भरलेला. तुमचे वीस कवाच कमी होणार नाई." पलीकडे पायथ्याशी, ओलीच्या जागी, शकुबाई आणि तिच्या जावा. "तुमचं सूप कायम रिकामं. आलं तं बाहेर वाहून गेलं."

शकुबाई म्हणाली, "घरीबी तसंच हाये माय. नवीन काय सांगून राह्यली?"

मधात आम्ही सगळे. आमच्यासाठी नियम एकच. चारही शेजाऱ्यांच्या सुपात किती आहेत ते पाहायचं, बेरीज करायची, चारानं भागायचं, तेवढे आपल्या सुपात ठेवायचे. कमी असले तर मधात ठेवलेल्या चिंचोक्यांच्या टोपल्यातून घ्यायचे, जास्त असले तर टाकायचे. कडेला ज्याला तीनच शेजारी, त्यानं तीनानं भागायचं. ती टाळी वाजवायची, आम्ही मोजायचो. टाळी, मोज. टाळी, मोज.

पहिल्या काही टाळ्यांना नुसता गोंधळ. "अर्धा चिंचोका आला तं काय करू?" "अर्धा सोडून दे." "दसरू, तू चोरून राह्यला बे!" "मी नाई, माहा शेजारी बदलला!" कोणी भागाकाराला बसलं की शाळेतली पोरं बाहेरून ओरडून उत्तर सांगायची, आणि चुकीचं सांगायची. पण खेपांवर खेपा झाल्या आणि एक गंमत व्हायला लागली. सुपं शांत व्हायला लागली. टाळी वाजली तरी कोणाचं काही बदलेना. तलावाजवळच्यांकडं सतरा-अठरा, माझ्याकडं मधात दहा, पलीकडं कमी कमी होत जाऊन बापूरावाकडं तीन. बापूराव शकुबाईच्या अगदी मागच्या घरात उभा होता.

"पाह्य," संघप्रिया म्हणाली. "असा उतार पडला. तलावाकडून ओलीकडं. पाणी असं चाललं. हे चांगलं हाये. आता आपण लिंपू."

ती शकुबाईकडं गेली. "काकू, तुमाले टोपल्यानं बुजवलं. आता तुमचं पाणी बाहेर जात नाई. आता तुमीबी शेजाऱ्यांचं पाहून मोजा."

टाळी.

शकुबाईच्या रिकाम्या सुपात पहिल्यांदा चिंचोके आले. ती खुश. "आमाले भेटले वं!" टाळी. आणखी आले. बापूरावाचे तीन होते ते पाच झाले. टाळी. सात. माझे दहाचे बारा. टाळी, टाळी. आता कोणी हसत नव्हतं, कारण सगळ्यांना टोपल्यातून घ्यावेच लागत होते, टाकायचं कोणाच्याच वाट्याला येत नव्हतं. बापूरावाचे बारा, मग पंधरा. टोपल्याचा तळ दिसायला लागला. शेवटी नानाजीकडं वीस, माझ्याकडं विसाला एक कमी, आणि पाळीच्या पार पायथ्याशी बापूरावाकडं अठरा.

बापूराव आपल्या सुपाकडं पाहत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आता माह्या पायाखाली तलावच उभा हाये."

"हो बाबा. अन् मधातल्याच्या डोक्यावर अख्खी पाळ बसली हाये, थो दबून राहीन. तुमच्यावर माती किती? हातभर. थे उचलून फेकन."

नानाजी तलावाच्या जागेवरूनच बोलला, "चिंचोक्यानं तलाव नाई चालत. किती दिवसात फुटन, सांग."

"थे मले सांगता येत नाई, भाऊ. आतली माती कुठी कशी हाये, मले पक्कं मालूम नाई. फुटनच असंबी म्हणत नाई. पण तोंड दाबलं तं रेटा वाढते, एवढं पक्कं."

"अन् उघडं ठेवलं तं पाणी जाते."

"जाते. पण थेंबानं जाते. एका दिवसात जेवढं जाते त्यात तुमची एक बांधीबी भरत नाई. पाणी जाऊ द्यायचं, माती नाई जाऊ द्यायची. चहाची गाळणी असते ना? तशी गाळणी लावू. आधी रेती, मग बारीक गिट्टी, मग दगड. पाणी बाहेर, माती आत."

त्या पटांगणावर आता पंचायतीनं सिमेंटचे ठोकळे बसवले आहेत. चुना उमटत नाही. त्या दिवशी त्या चौकोनांत जे उभे होते त्यातले कितीक आता नाहीत. बापूराव गेला. नानाजीनं मुलाकडं जाऊन चंद्रपूर धरलं. दसरूची पोरं हैदराबादेत बांधकामावर गेली ती गेलीच. गावातली सगळी जातपात एका आखलेल्या घरात एक माणूस अशी उभी राहिलेली मी एकदाच पाहिली, आणि तेही सगळे शेजाऱ्याच्या सुपात डोकावत होते आणि कोणाला त्याचा राग येत नव्हता. लग्नात पाहिली नाही, मंडईच्या जत्रेत पाहिली नाही.

पण तेव्हा प्रश्न तिथंच अडला. थापण काढायची म्हणजे टोपली हलवायची. नानाजी गरजला, "माह्या टोपल्याले कोणी हात नाई लावायचा. माह्या बापानं टाकलं, आज्यानं टाकलं. घराची माती उकरली तं घरात काय राहीन?" आणि तो एकटा नव्हता. बायनाबाईसुद्धा मान हलवत होती. माझ्या घरच्या टोपल्याचं म्हणाल तर मलाही कसंतरी वाटत होतं. चिंचोके पटले होते, पण हात उठत नव्हता.

सगळे बापूरावाकडं पाहायला लागले. सभा कोणाची काही असो, पाळीवरचा शब्द पाणकराचा. लेकीचं ऐकलं आणि पाळ गेली, तर गाव म्हणणार की बाईच्या पुस्तकापायी बुडालो. नाही ऐकलं आणि पाळ गेली, तर शेवटच्या पाण्याआधी गावाचं धान गेलं, आणि त्याचं स्वतःचं तर सगळ्यात आधी. संघप्रिया हातातला चुना झटकत उभी होती.

बापूरावानं सूप खाली ठेवलं. "नानाजी भाऊ, आपलं टोपलं आपल्या हातानं काढाले कोणाचा जीव होत नाई. बरोबर हाये. माहाबी होत नाई. मग असं करू. तुमचं मी काढतो. माहं तुमी काढा."

"म्हणजे?"

"म्हणजे एकानं दुसऱ्याचं काढावं. आपल्या घराले आपण हात लावला नाई. फुटली तं नाव माहं. राहिली तं पाणी सगळ्यांचं."

नानाजी आपल्या सुपातले चिंचोके चाळवत राहिला. मग शकुबाई फिसकन हसली. "भाऊ, एवढा विचार नका करू. तुमच्या टोपल्यात अर्धे तं दगडच होते. मी पाह्यलं." लोक हसले, नानाजीही हसला, आणि जे अडलं होतं ते सुटलं.

सोमवारी तिनं कॉलेजला सुट्टी टाकली. बिनपगारी, तासिकेवाल्याला दुसरी कुठली असते? आधी तुडूम थोडं उघडून वरच्या बांध्यांना पाणी सोडलं आणि तलाव हातभर खाली घेतला. मग थापण काढायला घेतली, पण एकदम नाही. हातभर रुंदीचा पट्टा काढायचा, लगेच रेती, मग गिट्टी, मग दगड, मग पुढचा पट्टा. रेती नाल्यातली, गिट्टी रस्त्याच्या कामातली उरलेली. नानाजीनं धोतर खोचून बापूरावाच्या घरची माती फावड्यानं काढली. बापूरावानं नानाजीच्या घरची. मी शकुबाईची काढली, आणि ती वरून सूचना देत राहिली.

मधल्या पट्ट्याला फावडं लागलं आणि फस्सकन पाणी आलं. लालभडक, गढूळ, मनगटाएवढं. आम्ही मागं सरलो. कोणीतरी "पळा" म्हणालं.  संघप्रिया ओरडली, "रेती! रेती टाका, माती नको!" ती स्वतः गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी रेती लोटायला लागली. बापूरावाच्या हातात मातीचं टोपलं आलं होतं. जन्माची सवय, हात तिकडंच गेला होता. ते त्यानं बाजूला फेकलं आणि रेतीचं उचललं. मग आम्ही सगळेच. टोपल्यामागं टोपलं. पाणी रेतीतून वर आलं, तांबडं, मग गव्हाळ. गिट्टी पडली, दगड पडले. पाणी थांबलं नाही, पण हळू झालं. दगडांच्या फटीतून निघून एका बारीक नालीनं शकुबाईच्या बांधीकडं गेलं.

"फुकटात ओलित झालं माय," ती म्हणाली. कोणी हसलं नाही. सगळे पाण्याचा रंग पाहत होते.

संघप्रिया जायच्या आधी बापाला म्हणाली, "बाबा, रोज एक ग्लास भरून उजेडात धरा. काचेचा, स्टीलचा नाई. साफ दिसलं तं काई नाई. गढूळ दिसलं तं फोन करा, अन् तुडूम पुरं उघडा. धानाचा विचार करू नका."

"धानाचा विचार नाई करू तं कायचा करू?"

"पाळीचा."

त्या सालानंतर मोहटोल्यात पोळा झाला की घरटी एक टोपलं रेतीचं पडतं. नारळ तोच, गूळ-फुटाणे तेच. तुडवायला मात्र मजा येत नाही. रेतीत कोणी घसरून पडत नाही, आणि सरपंच कोरडेच घरी जातात. जुन्या बाया अजून त्याची तक्रार करतात.

पण तेव्हा ते सगळं पुढचं होतं. तेव्हा रोज सकाळी बापूराव काचेचा ग्लास घेऊन पाळीखाली जायचा. पहिल्या दिवशी ग्लासाच्या तळाशी बोटभर गाळ बसला. त्यानं फोन उचलला आणि परत ठेवला. दुसऱ्या दिवशी गाळ कमी. लोक पाटावर त्याला अडवून विचारायचे, "पाणकर, आज कसं हाये?" जसं घरातल्या दुखणाईताचं विचारतात. त्याच्या मागोमाग पाणी वाटप चालूच होतं. आज नानाजीच्या बांध्या, उद्या दसरूच्या, परवा माझ्या. तलाव उतरत होता, धान तरारत होतं, आणि पाळीचा उतार हळूहळू घट्ट व्हायला लागला. माझी तुतारी आता आत जात नव्हती. मी रोज खुपसून पाहत होतो, बैल बाजूला उभे ठेवून.

शेवटच्या पाण्याच्या दिवशी मी बापूरावासोबत होतो. सगळ्यांचं झालं होतं. पाटातलं उरलेलं पाणी त्याच्या बांधीत शिरलं, एका कडेच्या धुऱ्यापासून दुसऱ्या कडेच्या धुऱ्यापर्यंत गेलं आणि धानाच्या बुडाशी उभं राहिलं. बापूरावानं पाट बुजवला, हात धुतले, आणि तिथं बसला नाही. तडक पाळीखाली गेला. दगडांच्या फटीत ग्लास धरला, भरला, सूर्याकडं करून बघितला. मग खिशातून फोन काढला आणि लेकीला लावला. तिचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता, मागं पोरांचा गलका.

"काय झालं, बाबा?"

"काई नाई. आपली बांधी भरली."

"अन् ग्लास?"

बापूरावानं परत एकदा ग्लास उजेडात धरला. त्यातून पलीकडची पाळ दिसत होती.

"साफ हाये."

"गाळ?"

"नाई."

"बरं. ठेवते मग. तास सुरू हाये."

बापूरावानं फोन खिशात घातला आणि ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं.